हाताची घडी

आमच्या घरात हाक मारायची म्हणजे दिव्याचं बटण दाबायचं. माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी आहे, तिच्या नावाने कितीही ओरडलं तरी उपयोग शून्य. ती ज्या खोलीत असेल तिथला दिवा दोनदा बंद-चालू करायचा, की ती मान वर करून बघते आणि मग हातांनी बोलणं सुरू होतं. आई, ती आणि मी अशा आम्ही तिघी मुलुंडच्या या जागेत वर्षानुवर्षं राहतोय. पाहुण्यांना वाटतं, यांच्या वायरिंगची वाट लागलीय.

याला एकच अपवाद होता. ती विळीवर बसली असेल तेव्हा बटणाला हात लावायचा नाही. आईने हा नियम ती पहिल्यांदा विळीवर बसली त्या दिवशीच केला होता आणि आम्ही तो कधी मोडला नव्हता. त्या रविवारीही कुणी मोडला नाही. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, मी आंघोळीला गेले होते आणि बहीण स्वयंपाकघरात लाल भोपळा चिरत होती. तेवढ्यात वीज जाऊन आली, लगेच पुन्हा जाऊन आली. कोण बोलावतंय म्हणून तिने मान वर केली. हातातला भोपळा तेवढ्यात घसरला आणि उजव्या हाताची बोटं आतल्या बाजूने पात्यावर गेली.

मी बाहेर आले तेव्हा ती मोरीशी उभी राहून नळाखाली हात धरून होती. रक्त होतं, पण मी घाबरावं एवढं नव्हतं. ती रडतही नव्हती. मला बघून तिने ओला हात वर केला आणि काहीतरी विचारलं. मला ते कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा कळलं नाही. अंगठा, तर्जनी, करंगळी आपापल्या जागी वाकत होती, पण मधलं बोट आणि अनामिका ताठच्या ताठ राहिली होती, जणू ती तिची नव्हतीच. तिचं बोलणं मला समजलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. नंतर डाव्या हाताने तिने तेच विचारलं तेव्हा समजलं: "मला कुणी बोलावलं?"

ती घाटकोपरला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. सगळ्यात लहान वर्ग तिच्याकडे असतो. ही मुलं येतात ती ऐकू येणाऱ्या घरांतून, चार-पाच वर्षांची होऊन, आणि कुठल्याच भाषेतला एक शब्दही जवळ नसताना. भूक लागली तर ओढायचं, राग आला तर चावायचं, एवढंच त्यांना येतं. त्यांना पहिला शब्द दिसतो तो माझ्या बहिणीच्या हातात. शाळा नुकतीच सुरू झाली होती, नवीन मुलं नुकती तिच्यासमोर शांत बसायला लागली होती. रिक्षात टॉवेलमध्ये गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन ती सारखी घड्याळ बघत होती, जणू सोमवारपर्यंत हे आटोपेल.

हॉस्पिटलमधले सर्जन तरुण होते आणि भरभर बोलणारे. त्यांनी स्वतःची बाही वर केली आणि कोपराखालचा गुबगुबीत भाग दाखवला. बोट वाकवणारे स्नायू बोटात नसतातच, म्हणाले, ते इथे असतात. इथून दोऱ्या निघतात, त्यांना टेंडन म्हणायचं. त्या मनगटातून, तळव्यातून बोटात जातात आणि हाडाला घट्ट धरतात. इथला स्नायू आखडला की दोरी ओढली जाते, दोरीमागून हाड येतं आणि बोट वाकतं. एकेका बोटात अशा दोन दोऱ्या. वरची मधल्या हाडाशी थांबते, पण थांबण्याआधी ती दुभंगते आणि खालचीला मधून वाट देते, मग ती खालची पार शेंड्यापर्यंत जाते. दोन्ही हाडाला धरून राहाव्यात म्हणून बोटभर कड्या असतात, पँटला पट्ट्यासाठी असतात तशा. माझ्या बहिणीच्या दोन बोटांतल्या चारही दोऱ्या तुटल्या होत्या आणि तुटलेली टोकं आत तळव्याकडे पळाली होती.

हे सगळं मला तिला सांगायचं होतं. टेंडनला आमच्याकडे खूण नाही. मी दोरी दाखवली, ओढणं दाखवलं, कोपर दाखवलं, ती नुसती बघत राहिली. शेवटी आई म्हणाली, तिला सांग, परकराची नाडी नेफ्यात गेलीय. मी ते सांगितलं आणि तिचा चेहरा उजळला. डाव्या हाताने तिने विचारलं, "डॉक्टरांकडे सेफ्टी पिन आहे का?" मी ते मोठ्याने सांगितलं. सर्जन हसले, म्हणाले, जवळजवळ तसंच करतो आम्ही.

मग तिने हसणं थांबवलं, टॉवेलमधल्या हाताकडे बोट केलं आणि विचारलं, हा बोलेल का? ऑपरेशन तसं माझं काम आहे, ते मी नीट करीन, सर्जन म्हणाले. पण बोटाच्या या भागात पूर्वी कुणी शिवायला धजत नसे, इतकी जागा अरुंद आहे. हात बोलेल की नाही ते पुढचे तीन महिने ठरवतील.

ऑपरेशन नीट झालं. खरी कसोटी लागली ती हाताच्या व्यायामाच्या बाईंकडे. घाटकोपरला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. मध्यम वयाच्या, डोळ्यांत डोळे घालून बोलणाऱ्या. त्यांनी प्लास्टिकची स्प्लिंट बनवली, मनगट आणि बोटं थोडी वाकलेली राहतील अशी, आणि नियम सांगितले. शिवलेली दोरी सुरुवातीला आणखी कच्ची होते आणि मग हळूहळू पक्की होते. तोवर बोटांना स्वतःच्या जोरावर काही करू द्यायचं नाही, टाके तुटतील. पण नुसतं गप्प ठेवलं तर दोरी आजूबाजूच्या मांसाला चिकटून बसेल, मग कायमचं गेलं. म्हणून दर तासाला डाव्या हाताने उजवी बोटं वाकवायची, पुन्हा स्प्लिंटला टेकेपर्यंत सरळ करायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते प्रकरण होतं.

मी हुशारी केली. विचारलं, अंगठा आणि तर्जनी तर धड आहे, तेवढ्यावर ती थोडं बोलली तर? बाईंनी माझा हात टेबलावर उताणा ठेवला, मधलं बोट आणि करंगळी दाबून धरली आणि म्हणाल्या, आता फक्त अनामिकेचा शेंडा वाकवा. मला वाकवता येईना. या तिघींचा खोलातला स्नायू वर कोपराशी एकच आहे, त्या म्हणाल्या, करंगळीने काही मागितलं तरी ओढ अनामिकेला बसते. तर्जनी जरा वेगळी राहते, पण तिच्यावरही भरवसा ठेवू नका. एका चुलीवरच्या कुटुंबासारखंच ते, एकीने भांडण काढलं की सगळ्यांचा स्वयंपाक बिघडतो.

मग तिने बोलायचं कसं, मी विचारलं. थोडं, डाव्या हाताने, शांतपणे. उजवा आपोआप त्याच्या मागोमाग जाऊ बघेल, तो जाऊ द्यायचा नाही. "आणि मुख्य म्हणजे चिडायचं नाही," त्या म्हणाल्या. आमच्या घराण्यात चिडायचं नाही! मी ते बहिणीला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की चिडू नये म्हणून मीच तोंड फिरवलं.

आईने घरी येताच स्वतःचा उपाय काढला. तिने बोलू नये असं वाटत असेल तर तिच्याशी बोलायचंच नाही. कुणी विचारलं नाही तर ती उत्तर कशाला देईल? दिव्याचं बटण बंद. जेवायला बोलवायचं तर ताट समोर नेऊन ठेवायचं. आईला आणि मला आपसात काही बोलायचं असेल तर तिच्याकडे पाठ करायची, कारण ती ओठांवरून बरंच वाचते. तिच्या बहिऱ्या मैत्रिणींनाही आईने मला मेसेज पाठवायला लावला, काही दिवस व्हिडिओ कॉल नकोत. कांजूरमार्गची एक मैत्रीण तरीही आलीच. ती तासभर हातांनी धो धो बोलली, माझी बहीण उजवा हात उशीखाली दाबून नुसती मान हलवत बसली. ती गेल्यावर आई म्हणाली, पुन्हा नको येऊ दे तिला.

मला हे पटत नव्हतं आणि पटतही होतं. माझी बहीण लहानपणी ज्या शाळेत गेली तिथे खुणांना बंदी होती. मुलांनी ओठांनीच बोलायला शिकावं असा त्या लोकांचा हट्ट. सगळ्या शाळांत गुरुजी म्हणतात ना, हाताची घडी, तोंडावर बोट, तसं तिथे नुसतं हाताची घडी म्हटलं की वर्ग गप्प. मी तिला आणायला जायचे तेव्हा काचेतून ती घडी घालून बसलेली दिसायची आणि दारातून बाहेर पडल्या पडल्या तिचे हात सुटायचे, दिवसभराचं सगळं एकदम. आता आम्ही घरात तेच चालवलं होतं, प्रेमापोटी. पण एक टाका तुटला की सगळं संपेल, हे बाईंचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं, त्यामुळे मीही पाठ करत होते.

दिवस फार वाईट गेले. मी ऑफिसातून आले की ती दाराशी उभी असायची, डोळे माझ्या हातांवर. मी पर्स ठेवायचे, चप्पल काढायचे आणि आत जायचे. व्यायाम ती करायची, पण आईला बघवायचं नाही. बोटं सरळ होताना तिचा चेहरा आखडायचा आणि आई लगेच हात धरून थांबवायची, पुरे, दुखतंय तिला. मी नसताना किती वेळा पुरे म्हणायची कुणास ठाऊक. रात्री झोपेत ती बोलते म्हणून आई तिचा हात आपल्या पदराला बांधून झोपायची.

एक महिना होत आला होता. एका संध्याकाळी आई कपाटाशी उभी राहून फोनवर बोलत होती, बहिणीकडे पाठ करून, ठरल्याप्रमाणे. शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन होता. नवीन मुलांना फळ्यावरून शिकवणं जमत नाहीये, ती चावाचावीवर आली आहेत, हात कधी बरा होईल, असं त्या विचारत होत्या. आई म्हणाली, "तुम्ही यंदा दुसरी बाई बघा. हिच्या हाताचं काही खरं नाही."

आईने पाठ केली होती खरी, पण कपाटाला आरसा आहे. बहीण पलंगावर बसली होती आणि आरशात आईचं तोंड तिला समोर दिसत होतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले ते पलंग जोरात करकरला म्हणून. ती आईसमोर जाऊन उभी राहिली होती. डावा हात नुसता भडकला होता. माझा वर्ग, माझी मुलं, कुणाला विचारून. आणि उजवा हात स्प्लिंटसकट वर यायला लागला होता.

मी धावले आणि स्प्लिंट संपते तिथे, कोपराच्या जरा खाली, तिचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला.

बहिऱ्या माणसाचा हात धरणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. ते तोंड दाबण्यापेक्षा वाईट आहे. तरीही मी सोडला नाही. बाहेरून हात हलत नव्हता, पण माझ्या तळव्याखाली तिचे स्नायू चालले होते, एक आखडायचा, सैल व्हायचा, लगेच शेजारचा आखडायचा. शब्द तिथे होते, माझ्या हाताखाली, बोटांपर्यंत जायला बघत होते. एकेक ओढ आत कुठल्या टाक्यावर बसतेय ते देवालाच ठाऊक. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. हळू, थांब, तुटेल, मी ऐकते, असं सगळं तिला सांगायचं होतं. मी ते तोंडाने बोलत होते, पण ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. आणि हातांनी सांगायचं तर मला तिचा हात सोडावा लागला असता.

डाव्या हाताने ती मला एकच शब्द सांगत होती. "सोड."

मी सोडला. दोन्ही हात वर करून तिच्या डोळ्यांसमोर म्हटलं, बोल, आम्ही दोघी बघतोय. आईलाही ओढून शेजारी उभं केलं, तोंड तिच्याकडे करून. उजवा हात हवेत होता. मी फक्त तो बघत होते. तिने दम घेतला, तो हात स्वतःच स्प्लिंटसकट डाव्या काखेत दाबून धरला आणि डाव्याने, कोपर अंगाला चिकटलेलं असल्यामुळे अर्धवट खुणा करत, आईला म्हणाली, "तू मला विचारलं नाहीस."

आई रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, हातांनी नाही, तोंडाने, पण सावकाश, तिला वाचता येईल असं. "विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस."

मी व्यायामाच्या बाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, बोटांत काही तटकन झाल्यासारखं वाटलं का तिला? तिला माहीत नव्हतं, रागात कळलं नाही, म्हणाली. सकाळी सगळ्यात आधी इथे या, बाई म्हणाल्या, तोपर्यंत हात लावू नका. त्या रात्री आईने तिचा हात पदराला बांधला नाही.

सकाळी रिक्षात आम्ही तिघी बसलो होतो आणि बहीण बाहेर बघत होती. बाईंनी स्प्लिंट काढली. हात बारीक झाला होता, कोपराखालचा भाग तर एखाद्या लहान मुलीचा वाटावा असा. त्यांनी आपल्या बोटांनी तिचं मधलं बोट वाकवलं आणि मला म्हणाल्या, तिला सांगा, मी सोडल्यावर एवढंच धरून ठेव, जोर नको. मी सांगितलं. त्यांनी हात काढला. बोट थरथरलं आणि वाकलेलं राहिलं. मग अनामिका. तीही राहिली. चारही दोऱ्या शाबूत होत्या. आईने भिंतीला हात टेकला.

पण बाई खूश नव्हत्या. त्यांनी अनामिका सरळ करून पाहिली, ती मधल्या पेरात अडली. आणखी थोडं दाबलं, पुढे जाईना. मग त्यांनी आमची झडती घेतली. दर तासाला करता का? पूर्ण करता का? आईने खाली बघितलं. बहिणीने डाव्या हाताने सांगितलं आणि मी ते तसंच्या तसं मराठीत सांगितलं, की आई थांबवते आणि घरात कुणी बोलत नाही. "तुम्ही टाके सांभाळलेत," बाई म्हणाल्या, "आणि हात गप्प बसवलात. आता तिला बोलू द्या. एवढ्याएवढ्याशा खुणा, हळू, जोर न लावता. याच्यापेक्षा चांगला व्यायाम माझ्याकडे नाही."

हाताने हळू बोलता येतं का, त्यांनी मला विचारलं. मी बहिणीला विचारलं. तिने उजवा हात पोटाजवळ नेला, बोटं जेमतेम हलवली आणि कुजबुजली. महिन्याभरानंतर उजव्या हाताने बोललेलं ते पहिलं वाक्य होतं आणि ते शाळेला फोन लाव असं होतं. दुसरी बाई बघू नका, मी येतेय, आधी डाव्या हाताने येईन. मी तिथूनच फोन लावला.

ती खरंच गेली, स्प्लिंट घालून, डाव्या हाताने शिकवायला. पुढे स्प्लिंट निघाली, उजवा हात आला. मधलं बोट जवळजवळ पहिल्यासारखं झालं. अनामिका नाही झाली. ती मधल्या पेरात वाकलेलीच राहते, सरळ करायचा कितीही प्रयत्न केला तरी. मला तिचं बोलणं कळतं, पण प्रत्येक वाक्यात ते बोट दिसतं. आईला तर तेवढंच दिसतं. ती आता तिच्याशी सारखं बोलते, काही नसलं तरी बोलते.

परवा शाळेत पालकांना बोलावलं होतं, मीही गेले. वर्गात मुलं गोल करून बसली होती. एका छोट्या मुलीला सकाळी काय खाल्लं ते सांगायचं होतं. ती उभी राहिली आणि सांगायला लागली, पोळी, दूध, आजी, मांजर, सगळं एकात एक मिसळून. तिची अनामिका वाकलेली होती. मला वाटलं, तिलाही काही लागलंय. मग शेजारचीने तिचं वाक्य दुरुस्त केलं, तिचीही वाकलेली. मी गोलभर नजर फिरवली. वर्गातल्या सगळ्या मुलांची ती तशीच होती.

मी बहिणीकडे बघितलं. तिने ते कधीपासून बघितलं होतं कुणास ठाऊक. ती उठली, त्या मुलीजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिची अनामिका हलकेच सरळ केली. मुलीने ती करू दिली. मग मांजर हा शब्द पुन्हा सांगताना तिने बोट पुन्हा वाकवलं, नीट, विचार करून. बहिणीने दुसऱ्यांदा सरळ केलं. मुलगी वैतागली. तिने माझ्या बहिणीचा हात धरला, तिच्या वाकलेल्या बोटाकडे आपलं बोट नेलं आणि हे बघ, असंच आहे, म्हणून शब्द पुन्हा सांगितला.

माझ्या बहिणीने ते बोट पुन्हा सरळ केलं नाही. मग तिने त्या मुलीला विचारलं, मांजराने पुढे काय केलं.